सॉफ्ट हॅकल (मासेमारीची कृत्रिम माशी)

सॉफ्ट हॅकल ही गळाने मासे पकडण्यासाठी वापरली जाणारी एक कृत्रिम माशी आहे. लहान गळाच्या दांडीवर रेशमाचा किंवा लोकरीचा पातळ थर गुंडाळून आणि नेढ्याजवळ पक्ष्याच्या मऊ पिसाचे एक-दोन वेढे देऊन ती तयार करतात. पाण्यात ही माशी बुडते. प्रवाहाबरोबर तिच्या पिसाचे तंतू मिटतात व उमलतात आणि त्यामुळे ती पृष्ठभागाकडे येणाऱ्या जिवंत जलकीटकासारखी भासते. हिचा उगम व विकास प्रामुख्याने इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायर व त्यालगतच्या परगण्यांत आणि स्कॉटलंडच्या सीमावर्ती भागात झाला.

पारंपरिक सॉफ्ट हॅकलसाठी तित्तर, पाणलावा, पाणकोंबडी, मैना यांच्या कुळांतील वन्य पक्ष्यांची पिसे वापरली जात. भारतात वन्य पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे येथे या माशीसाठी पाळीव कोंबडीची पिसे हाताने रंगवून वापरणे हा उपयुक्त मार्ग ठरतो. महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यासारख्या प्रदेशात हळद, पळस, डाळिंबाची साल, बाभळीची साल इत्यादी रंगद्रव्ये सहज उपलब्ध होतात.

संज्ञा

'हॅकल' या शब्दाने मुळात कोंबड्याच्या मानेवरील लांब व निमुळती पिसे ओळखली जातात. मासेमारीच्या परिभाषेत गळाभोवती गुंडाळलेल्या कोणत्याही पिसाला हॅकल म्हणतात. कोंबड्याच्या मानेचे पीस ताठ व चिवट असते. ते गुंडाळलेली माशी पाण्यावर तरंगते आणि तिला 'ड्राय फ्लाय' म्हणजे कोरडी माशी असे नाव आहे. कोंबडीचे, तित्तराचे किंवा पाणकोंबडीचे पीस मऊ असते व लवकर भिजते. अशा पिसाची माशी पाण्याखाली राहते, म्हणून ती 'वेट फ्लाय' म्हणजे ओल्या माशीच्या वर्गात मोडते. सॉफ्ट हॅकल हा ओल्या माशीचा सर्वांत साधा प्रकार होय. उत्तर इंग्लंडमध्ये तिला 'स्पायडर' असेही म्हणतात. तिचा कोळ्याशी संबंध नाही. विरळ व लांब तंतूंमुळे येणाऱ्या रूपावरून हे नाव पडले आहे.

'फ्लाय फिशिंग' म्हणजे कृत्रिम माशीने मासे पकडण्याची पद्धत. माशी अत्यंत हलकी असल्यामुळे केवळ तिच्या वजनावर ती दूर फेकता येत नाही. त्यासाठी जाड व वजनदार दोरी आणि लवचीक काठी वापरतात. दोरी हवेत पुढे-मागे झुलवून पाण्यावर सोडली जाते.

इतिहास

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख

कृत्रिम माशीचे सर्वांत जुने सुस्पष्ट वर्णन इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील रोमन लेखक ईलियन याच्या प्राणिविषयक ग्रंथात आढळते. मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रेअस नदीवरील कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधत, असे तो सांगतो. कृत्रिम माशीच्या पहिल्या ज्ञात वर्णनातच रंगीत लोकर व कोंबड्याचे पीस यांचा उल्लेख आहे, हे लक्षणीय आहे.

दख्खनमध्ये गळाने मासे पकडण्याच्या छंदाचे वर्णन 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण होय. ग्रंथातील 'मत्स्यविनोद' या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे विवेचन येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस आणले. 'मत्स्यविनोदा'तील मासेमारी खाद्याच्या आमिषावर आधारलेली आहे. पिसांच्या कृत्रिम माशीची परंपरा युरोपात विकसित झाली.

इंग्लंडमध्ये १४९६ साली 'ट्रीटाइज ऑफ फिशिंग विथ अ‍ॅन अँगल' हा निबंध छापला गेला. परंपरेने तो डेम ज्युलिआना बर्नर्स यांच्या नावावर सांगितला जातो. त्यात बारा कृत्रिम माश्यांची वर्णने आहेत. घोड्याच्या शेपटीच्या केसांपासून बनवलेली दोरी पाण्याच्या व ऋतूच्या रंगाशी जुळावी, म्हणून ती तुरटी व वनस्पतींच्या साहाय्याने रंगवण्याच्या कृतीही त्यात दिल्या आहेत. यावरून मासेमारीचे साहित्य हाताने रंगवण्याची प्रथा किमान पाच शतके जुनी असल्याचे दिसते.

एकोणिसावे व विसावे शतक

स्कॉटिश लेखक डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांच्या 'द प्रॅक्टिकल अँगलर' (१८५७) या पुस्तकाने मऊ पिसाच्या माश्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांची 'ब्लॅक स्पायडर' ही माशी स्टार्लिंग या मैनेच्या कुळातील पक्ष्याच्या काळ्या, चकचकीत पिसापासून व तपकिरी रेशमापासून बनते. टी. ई. प्रिट यांनी 'यॉर्कशायर ट्राउट फ्लाइज' (१८८५) या पुस्तकात उत्तर इंग्लंडमधील माश्यांची नोंद केली. पुढे एडमंड्स व ली यांच्या 'ब्रूक अँड रिव्हर ट्राउटिंग' (१९१६) या पुस्तकात त्यांचे साहित्य अधिक काटेकोरपणे दिले गेले.

अमेरिकेत जेम्स लायझनरिंग यांचे 'द आर्ट ऑफ टाइंग द वेट फ्लाय' हे पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या काळात कोरड्या माशीच्या लोकप्रियतेपुढे ही माशी मागे पडली होती. सिल्व्हेस्टर नीम्स यांच्या 'द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय' (१९७५) या पुस्तकामुळे तिला पुन्हा वाचक व वापरणारे मिळाले. 'सॉफ्ट हॅकल' हे नाव रूढ होण्यातही या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

रंगांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माशीचे रेशीम व पिसे वनस्पतिजन्य आणि कीटकजन्य रंगांनीच रंगवली जात. लंडनमधील विल्यम ब्लॅकर यांच्या माश्या बनवण्याच्या कलेवरील १८५५ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकातच रंगकामाचा समावेश आहे. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, विल्यम हेन्री पर्किन यांनी मॉव्ह हा पहिला यशस्वी कृत्रिम जांभळा रंग शोधला. त्यानंतर कृत्रिम रंग स्वस्त झाले आणि भडक जांभळ्या, किरमिजी व निळ्या छटा सहज मिळू लागल्या. नैसर्गिक रंगांची हातकृती मात्र पूर्णपणे लोपली नाही. त्या रंगांच्या मातकट, मिश्र छटा जलकीटकांच्या रंगांशी जुळतात, असे माशी बांधणारे अनेक जण मानतात.

रचना व कार्य

मेफ्लाय, कॅडिस इत्यादी कीटकांचे बालपण पाण्यात जाते. वाढ पूर्ण झाल्यावर ते तळातून पृष्ठभागाकडे येतात, कात टाकतात व उडून जातात. या थोड्या वेळात त्यांना पळ काढता येत नाही आणि मासे त्यांना मोठ्या प्रमाणावर टिपतात. सॉफ्ट हॅकल या अवस्थेचे अनुकरण करते.

तिची रचना पुढील बाबींवर अवलंबून असते:

गळ: साधारणतः १० ते १६ क्रमांकाचे गळ वापरतात. क्रमांक वाढतो तसा गळाचा आकार लहान होतो.

अंग: रेशमी दोऱ्याचा एकच थर असतो. काही प्रकारांत त्यावर प्राण्याच्या लवेचा अगदी विरळ थर देतात. अंग जाड झाल्यास कीटकाचा भास नाहीसा होतो.

हॅकल: पिसाचे एक ते दोन वेढे पुरेसे असतात. तंतू गळाच्या टोकापर्यंत किंवा किंचित पुढे पोहोचावेत, असा संकेत आहे. वेढे जास्त झाल्यास तंतू एकमेकांना आधार देतात आणि त्यांची हालचाल मंदावते.

डोके: दोऱ्याच्या तीन-चार वेढ्यांचे लहान डोके करून गाठ मारतात.

रेशीम भिजल्यावर त्याचा रंग गडद व काहीसा पारदर्शक होतो आणि आतील गळाच्या दांडीची काळी छटा त्यातून दिसू लागते. कोरडे असताना भडक केशरी दिसणारे रेशीम पाण्यात तांबूस तपकिरी दिसते. म्हणून रंगाची पारख नेहमी नमुना ओला करून करतात. दोऱ्याला लावलेल्या मेणाचाही रंगावर परिणाम होतो. 'ग्रीनवेल्स ग्लोरी' (१८५४) या प्रसिद्ध ओल्या माशीत पिवळ्या रेशमाला गडद मेण चोळून ऑलिव्ह छटा आणली जाते.

प्रमुख प्रकार

पार्ट्रिज अँड ऑरेंज: केशरी रेशमाचे अंग व युरोपीय करड्या तित्तराच्या पाठीवरील तपकिरी, ठिपकेदार पीस. हा सर्वांत प्रसिद्ध प्रकार आहे.

पार्ट्रिज अँड यलो: पिवळ्या रेशमाचे अंग व तित्तराचे पीस.

स्नाइप अँड पर्पल: जांभळ्या रेशमाचे अंग व पाणलाव्याच्या पंखावरील लहान, गडद पीस.

वॉटरहेन ब्लोआ: पिवळ्या रेशमावर चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल या प्राण्याच्या लवेचा विरळ थर व पाणकोंबडीच्या पंखाखालील करडे पीस. 'ब्लोआ' या बोलीशब्दाने ढगाळ आभाळासारखी निळसर करडी छटा सूचित होते.

ब्लॅक स्पायडर: तपकिरी रेशमाचे अंग व स्टार्लिंगचे काळे पीस.

बहुतेक नावे 'पक्षी आणि रेशमाचा रंग' अशा जोडीने बनलेली आहेत. पिसाची पोत व रेशमाची छटा समजली की माशीची संपूर्ण कृती नावातूनच कळते. याच कारणाने एका पक्ष्याच्या जागी दुसऱ्या पक्ष्याचे तत्सम पीस घेणे या प्रकारात सोपे जाते.

साहित्य

पिसे

कोंबडीच्या मानेवरील व पाठीवरील पिसे मऊ असल्यामुळे सॉफ्ट हॅकलसाठी योग्य ठरतात. गावठी कोंबडीत तपकिरी, ठिपकेदार व रेघांची पिसे आढळतात. ती रंगवल्याशिवायही तित्तराच्या पिसाची जागा घेऊ शकतात. कुक्कुटपालनातील मांसल कोंबड्यांची पिसे पांढरी असतात आणि त्यांवर कोणताही रंग स्वच्छ चढतो. पिसाचा कणा बारीक व लवचीक असावा आणि तंतू सारख्या लांबीचे असावेत. जाड कण्याचे पीस गळाभोवती वळवताना उलटते किंवा तुटते.

रेशीम

अंगासाठी बारीक, पीळ कमी असलेला रेशमी दोरा वापरतात. इंग्लंडमधील पिअरसॉल कंपनीचे 'गॉसमर' रेशीम या कामासाठी प्रसिद्ध होते. मराठवाड्यात तुतीवर आधारित रेशीमशेती केली जाते व जालना येथे रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. कोषातून काढलेल्या कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या प्रथिनाचा थर असतो. साबणाच्या गरम पाण्यात तो काढून टाकल्यावरच रेशीम मऊ होते आणि रंग एकसारखा धरते.

अवजारे

गळ घट्ट धरण्यासाठी लहान शेगडा किंवा वाइस, दोऱ्याची रिळे धरणारे बॉबिन, टोकदार लहान कात्री आणि पीस धरण्यासाठी चिमटा एवढी अवजारे पुरतात.

हाताने रंगवण्याची पद्धत

पीस केराटिन या प्रथिनाचे, तर रेशीम फायब्रोइन या प्रथिनाचे बनलेले असते. लोकरीप्रमाणेच या दोन्ही पदार्थांवर नैसर्गिक रंग चांगले बसतात. बहुतेक वनस्पतिजन्य रंगांना धाग्याशी बांधून ठेवण्यासाठी रंगबंधक लागतो. घरगुती कामासाठी तुरटी हा सर्वांत सुरक्षित रंगबंधक होय. रंगछटा गडद करण्यासाठी हिराकस अल्प प्रमाणात वापरतात.

सर्वसाधारण कृती

१. पिसे सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवून त्यांवरील तेलकट अंश काढावा. तेल राहिल्यास रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो.

२. धुतलेली पिसे किमान एक तास स्वच्छ पाण्यात भिजत ठेवावीत. कोरडी पिसे रंगात तरंगतात व असमान रंगतात.

३. कोरड्या साहित्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवावी. दहा ग्रॅम पिसांना एक ते दीड ग्रॅम तुरटी पुरते. त्यात पिसे सुमारे एक तास ठेवावीत.

४. रंगद्रव्य वेगळ्या भांड्यात उकळून त्याचा अर्क फडक्यातून गाळून घ्यावा. न गाळल्यास कण तंतूंमध्ये अडकतात.

५. अर्कात पिसे घालून भांडे मंद आचेवर ठेवावे. पाण्याला उकळी येऊ देऊ नये. ७० ते ८० अंश सेल्सिअस तापमान पुरेसे असते. उकळत्या पाण्यात पिसाचे तंतू वळतात आणि रेशमाची चकाकी जाते.

६. इच्छित छटेपेक्षा थोडी गडद छटा आल्यावर साहित्य बाहेर काढावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे व सावलीत वाळवावे. चिकटलेली पिसे वाफेवर धरल्यास पुन्हा फुलतात.

रंगकामासाठी वापरलेली भांडी स्वयंपाकात वापरू नयेत. हिराकसाचे प्रमाण वाढल्यास पिसे व रेशीम ठिसूळ होतात.

रंगद्रव्ये

हळद: हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य रंगबंधकाशिवायही रेशीम व पीस यांवर चढते आणि तेजस्वी पिवळा रंग देते. मात्र सूर्यप्रकाशात तो लवकर फिकट होतो, म्हणून हळदीने रंगवलेल्या माश्या बंद डबीत ठेवणे इष्ट असते. अल्कधर्मी पाण्यात हळदीचा रंग तांबूस होतो. हळद व चुना यांपासून कुंकू बनते ते याच गुणधर्मामुळे. परंतु साध्या किंवा आम्लधर्मी पाण्यात धुतल्यावर हा तांबूसपणा जातो, त्यामुळे टिकाऊ केशरी रंगासाठी ही युक्ती चालत नाही.

पळस: वाळवलेल्या फुलांचा अर्क तुरटीसह पिवळा ते केशरी रंग देतो. रंगपंचमीच्या पारंपरिक रंगासाठीही ही फुले वापरली जातात.

कांद्याची साल: तुरटीसह सोनेरी ते तांबूस तपकिरी छटा मिळते.

डाळिंबाची साल: तुरटीसह मळकट पिवळा रंग येतो. अल्प हिराकस घातल्यास ऑलिव्ह ते करडी छटा येते. अनेक जलकीटकांचा रंग असाच असल्यामुळे ही छटा माशीसाठी विशेष उपयोगी आहे.

बाभळीची साल व काथ: यांतील टॅनिनमुळे तपकिरी रंगाच्या विविध छटा मिळतात.

हिरडा: हिराकसाबरोबर करडा ते काळा रंग देतो.

मंजिष्ठा व लाख: दोन्हींपासून तांबडा रंग मिळतो. हळदीने किंवा पळसाने पिवळ्या केलेल्या रेशमावर मंजिष्ठेचा हलका थर दिल्यास पार्ट्रिज अँड ऑरेंजला साजेसे केशरी रेशीम तयार होते.

नीळ: नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचे रासायनिक अपचयन करून केलेल्या द्रावणात साहित्य बुडवतात. हवेत आल्यावर ते हळूहळू निळे होते. निळ्यावर हळद चढवल्यास हिरवा, तर लाखेच्या तांबड्यावर नीळ चढवल्यास जांभळा रंग येतो.

बांधण्याची कृती

पार्ट्रिज अँड ऑरेंजच्या धर्तीवर गावठी कोंबडीच्या पिसाची माशी पुढीलप्रमाणे बांधता येते.

१. १२ किंवा १४ क्रमांकाचा गळ शेगड्यात घट्ट धरावा. गळाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकल्यास मासा इजा न होता सोडता येतो, शिवाय हातात रुतलेला गळही सहज निघतो.

२. केशरी रेशमी दोऱ्याला मेण चोळून नेढ्यामागे पाच-सहा वेढे द्यावेत.

३. पिसाच्या बुंध्याकडील भुरभुरीत लव काढून टाकावी. शेंड्याकडील तंतू वेगळे करून उरलेले तंतू मागे वळवावेत आणि शेंड्याकडून पीस नेढ्याजवळ बांधावे.

४. दोरा एकाला एक लागून वेढे देत गळाचा बाक सुरू होतो तेथपर्यंत न्यावा व तसाच परत आणावा. यामुळे अंग सारखे व बारीक होते.

५. पिसाचा कणा चिमट्यात धरून गळाभोवती दीड ते दोन वेढे द्यावेत. प्रत्येक वेढ्याला तंतू मागच्या बाजूला चापून घ्यावेत.

६. कणा दोऱ्याने बांधून उरलेला भाग कापावा, लहान डोके करून गाठ मारावी.

उत्तम सॉफ्ट हॅकलची पारख पाण्याने भरलेल्या पेल्यात करता येते. माशी दोरीने धरून हलकेच वर-खाली केल्यास तंतू मिटले-उमलले पाहिजेत. ते ताठ राहिल्यास पीस चुकीचे निवडलेले असते किंवा वेढे जास्त झालेले असतात.

वापर

माशी प्रवाहाच्या आडव्या दिशेने किंचित खालच्या बाजूला टाकतात. दोरी ताणली गेल्यावर माशी अर्धवर्तुळात फिरत काठाकडे येते. हे फिरणे संपत असताना ती पृष्ठभागाकडे उचलली जाते व बहुधा याच क्षणी मासा तिला धरतो. स्टुअर्ट यांनी प्रवाहाच्या वरच्या दिशेने माशी टाकण्याचा पुरस्कार केला होता. लायझनरिंग यांच्या पद्धतीत माशी माशापर्यंत खोल वाहू देतात व नेमक्या ठिकाणी ती वर उचलली जाईल अशी व्यवस्था करतात.

भारतातील फ्लाय फिशिंग

ब्रिटिश काळात अधिकाऱ्यांनी हा छंद भारतात आणला. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. त्यात महाशीर व इतर भारतीय माशांच्या गळमासेमारीची माहिती आहे. ट्राउट मासा मूळचा भारतातील नाही. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तो काश्मीर, निलगिरी व पुढे हिमाचल प्रदेशातील थंड पाण्यात सोडण्यात आला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ए. सेंट जे. मॅकडॉनल्ड यांचे 'सरकमव्हेंटिंग द महसीर' हे पुस्तक १९४८ साली प्रकाशित केले.

महाराष्ट्रातील नद्यांचे पाणी ट्राउटसाठी उष्ण असते. येथील गळमासेमारीत महाशीर हा मानाचा मासा मानला जातो. दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन विल्यम साइक्स यांनी १८३९ साली केले. त्याच्या 'टॉर खुद्री' या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द स्थानिक नावावरून घेतलेला आहे. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा पॉवर कंपनीच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीराचे कृत्रिम प्रजनन केले जाते. मुंबईतील पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळमासेमारांची संस्था कार्यरत आहे.

हिंगोली जिल्हा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. पैनगंगा, पूर्णा व कयाधू या येथील प्रमुख नद्या होत. पूर्णेवरील सिद्धेश्वर धरण औंढा नागनाथ तालुक्यात आहे. पैनगंगेवरील इसापूर धरण हिंगोली व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम इत्यादी मासे मिळतात. पारंपरिक मासेमारी जाळ्यांनी तसेच गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावून केली जाते. भोई समाजाचा हा परंपरागत व्यवसाय आहे. शासकीय जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. त्यामुळे छंद म्हणून गळ टाकणाऱ्यानेही संबंधितांची परवानगी घेणे आवश्यक असते.

सॉफ्ट हॅकलच्या दृष्टीने जिल्ह्याचे महत्त्व प्रामुख्याने रंगद्रव्यांमुळे आहे. वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांत हळदीची मोठी लागवड होते आणि हिंगोली व वसमत येथील बाजारपेठा हळदीसाठी प्रसिद्ध आहेत. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे. 'वसमत हळद' या नावाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्याच्या तोंडी हळद काढली जाते. कंद शिजवून, वाळवून व पॉलिश करून विक्रीस नेतात. याच सुमारास पळसही फुलतो. हळद, पळसाची फुले, बाभळीची साल, कांदा व डाळिंबाच्या साली आणि गावठी कोंबडीची पिसे एवढ्या साहित्यावर पिवळ्या, केशरी, ऑलिव्ह, तपकिरी व करड्या अशा बहुतेक पारंपरिक छटांच्या माश्या बांधता येतात. गळ वगळता त्यांतील जवळपास प्रत्येक वस्तू शेतातून व परसातून मिळू शकते.

जलाशयांतील कटला, रोहू यांसारखे मोठे मासे सहसा अशा लहान माशीकडे वळत नाहीत. पावसाळा ओसरून नदीचे पाणी निवळल्यावर पृष्ठभागालगत कीटक टिपणाऱ्या लहान चंदेरी माशांसाठी ती अधिक योग्य ठरते.

कायदा व पक्षिसंवर्धन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टोप्या सजवण्यासाठी व माश्या बांधण्यासाठी जगभरातील पक्ष्यांच्या पिसांचा मोठा व्यापार होत असे. भारतातील करड्या रानकोंबड्याच्या मानेवरील मेणासारखे चकचकीत ठिपके असलेल्या पिसांना सामन माशाच्या कृत्रिम माश्यांसाठी विशेष मागणी होती. ब्रिटिश भारतात १९०२ साली वन्य पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर निर्बंध आले. ब्रिटनने १९२१ साली पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांची शिकार आणि त्यांच्या अवयवांचा व्यापार यांना प्रतिबंध आहे. शेताच्या बांधावर सर्रास दिसणारा तित्तर, रानातील लावा, तळ्यावरील पाणकोंबडी व राष्ट्रीय पक्षी मोर हे सर्व या संरक्षणाखाली येतात. मोराच्या नैसर्गिकरीत्या गळलेल्या पिसाऱ्यातील पिसांना देशांतर्गत व्यवहारासाठी मर्यादित सूट आहे. त्यांची निर्यात मात्र करता येत नाही. इंग्रजी पुस्तकांतील कृती जशीच्या तशी पाळण्यासाठी येथे तित्तर किंवा पाणकोंबडी मारणे हा गुन्हा ठरतो.

मासा पिसाचा पक्षी ओळखत नाही. त्याच्या दृष्टीने तंतूंची हालचाल, माशीचा आकार आणि ओली छटा यांना महत्त्व असते. या तिन्ही गोष्टी पाळीव कोंबडीच्या रंगवलेल्या पिसातून साध्य होतात. कोंबडीची पिसे ही कुक्कुटपालन व मांसविक्री या व्यवसायांत टाकून दिली जाणारी वस्तू असल्यामुळे तिच्यासाठी वेगळा पक्षी मारावा लागत नाही. बर्ड फ्लूसारख्या रोगांची साथ असताना अशी पिसे गोळा करणे टाळावे. इतर वेळीही ती साबणाच्या गरम पाण्यात धुवूनच हाताळावीत.

हे सुद्धा पहा

गळमासेमारी
महाशीर
मानसोल्लास
नैसर्गिक रंग
हळद
पळस
सिद्धेश्वर धरण
हिंगोली जिल्हा
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२